खापरावरचे मांडे आणि वेताच्या तलवारी

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की साताऱ्याच्या आमच्या वाड्यात माती कालवायला सुरुवात व्हायची. पडक्या भिंतीचे दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती आणि भरपूर चिखल. दोन दिवसांत किल्ला उभा राहायचा. त्यावर अळीव पेरायचे, बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर बसवायचे, वर सिंहासनावर महाराज. पायथ्याशी गाव, विहीर, शेत आणि धाकट्या भावाच्या हट्टापायी एक प्लास्टिकची मोटार. अळिवाला कोंब फुटले की आम्ही जमिनीवर पालथे पडून, एक डोळा मिटून त्या हिरव्या रानातून वर बघायचो. तेव्हा तो किल्ला खरोखर उंच दिसायचा.

हे पालथं पडून बघणं कधी सुटलं, आठवत नाही. पुढे इतिहास म्हणजे सनावळी झाली आणि अमेरिकेत आल्यावर तो मंडळाच्या कार्यक्रमातला एक आयटम झाला. दरवर्षी शिवजयंतीला मी लेकीला फेटा बांधायचे, हातात सोनेरी रंगाची तलवार द्यायचे आणि रोमन लिपीत लिहिलेलं तीन मिनिटांचं भाषण पाठ करून घ्यायचे. टाळ्या पडायच्या, फोटो भारतात जायचे. दहाव्या वर्षी तिने विचारलं, "आई, हे खातात काय किल्ल्यावर?" मी म्हटलं, "अगं, आधी भाषण पाठ कर." तो प्रश्न तिथेच राहिला.

तीन वर्षांपूर्वी तीच लेक कॉलेजमधून घरी आली आणि म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी चार दिवस पेन्सिकला जाणार आहे. तू पण चल."

आम्ही पिट्सबर्गमध्ये पंचवीस वर्षं राहतोय. तासाभराच्या अंतरावर, बटलर काउंटीतल्या कूपर्स लेकच्या मैदानावर दर उन्हाळ्यात दोन आठवडे मध्ययुगाचं एक गाव वसतं आणि दहा हजारांच्या आसपास माणसं त्यात राहायला येतात, हे मला माहीतच नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. जुन्या काळाचा खेळ मांडून बघण्याची हौस काही नवी नाही. १८३९ साली स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनच्या जहागीरदाराने प्रचंड खर्च करून मध्ययुगीन घोडेस्वारांचे सामने भरवले. चिलखतं आली, घोडे सजले, हजारो लोक लोटले आणि नेमका धो धो पाऊस कोसळला. चिलखत घातलेल्या सरदारांच्या डोक्यावर छत्र्या धरायची वेळ आली! लोक पुढे कित्येक वर्षं त्यावर हसत होते.

अमेरिकेत ही हौस श्रीमंतांच्या वाड्यात नाही, परसात सुरू झाली. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे, मध्ययुगीन साहित्याची आवड असलेल्या डायना पॅक्सन यांच्या घरामागच्या अंगणात मित्रमंडळी जमली. जमेल तसे जुने पोशाख करून त्यांनी लुटुपुटूच्या द्वंद्वांचा सामना खेळला आणि शेवटी विसाव्या शतकाचा निषेध करत टेलिग्राफ अव्हेन्यूवरून मिरवणूक काढली. बर्कलीमध्ये तेव्हा रोज कुठला ना कुठला मोर्चा निघत होता, त्यात हा एक! पुढच्या वेळी बागेची परवानगी काढायची तर संस्थेला नाव हवं. लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी सुचवलं: सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम, म्हणजे काळाची हौसेने केलेली गल्लत. तीच ही एससीए. आज जगभर तिची वीसएक 'राज्यं' आहेत. राजा वारशाने होत नाही, सामना जिंकून होतो आणि साधारण सहा महिन्यांनी पायउतार होतो. त्यांची स्वतःची कालगणनाही त्या १ मेपासून सुरू होते.

पेन्सिकचं पहिलं युद्ध १९७२ सालचं. पेनसिल्व्हेनिया आणि रोमन इतिहासातली प्यूनिक युद्धं यांची सांगड घालून हे नाव पडलं. त्याची एक मजेदार गोष्ट तिथले जुने लोक सांगतात. पुढे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झालेले डेव्हिड फ्रीडमन तेव्हा मध्यराज्याचे राजे होते. त्यांनी पूर्वराज्याला युद्धाचं आव्हान पाठवलं. उत्तरच आलं नाही. पुढे ते राहायला पूर्वेला गेले, तिथले राजे झाले, स्वतःचंच आव्हान स्वतः स्वीकारलं आणि युद्ध हरले! आणि पैज काय, तर हरेल त्याने पिट्सबर्ग घ्यायचं. आमच्या गावाला त्या मंडळींच्या नकाशात अजूनही 'वादग्रस्त प्रदेश' अशा अर्थाचं नाव आहे. हे वाचून मला मनापासून हसू आलं. पंचवीस वर्षं ज्या गावाचं बर्फ उपसलं, ते गाव पहिल्यांदाच गोष्टीतलं वाटलं.

पहिल्या सकाळी लढाई बघायला मैदानाच्या कडेला उभे राहिलो. तलवारी वेताच्या, वर डक्ट टेप गुंडाळलेल्या. शिरस्त्राणं मात्र खरीखुरी पोलादी. नगारा वाजला आणि दोन्हीकडून शेकडो माणसं धावत आली. ढालीवर ढाल आदळली, तो आवाज छातीत घुमला. पण मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. वार बसला की नाही हे पंच ठरवत नाही, ज्याला लागला तो ठरवतो. वार पुरेसा जोरदार होता असं त्याला वाटलं की तो आपणहून 'मरतो' आणि खाली पडतो. पन्नाशीचा एक धिप्पाड गृहस्थ, समोरच्या विशीतल्या मुलीचा वार खाऊन "छान!" असं ओरडला आणि खुशाल गवतात कोसळला. मला आमच्या अंगणातली लढाई आठवली. तिथे मरायला कुणी तयारच नसायचं.

आपल्याकडेही हा प्रकार होता. तालमीत फरी-गदका खेळत: चामड्याची लहान ढाल आणि चामडं मढवलेली काठी. लढाईचा सराव व्हावा पण जीव जाऊ नये, हीच त्यामागची युक्ती. कोल्हापूरकडे मर्दानी खेळांचे आखाडे आजही पट्टा फिरवतात. हे सगळं मी लहानपणी जत्रेत पाहिलं होतं. बटलर काउंटीतल्या गवतात उभं राहून ते पुन्हा दिसलं.

संध्याकाळी एका राहुटीत बसलो होतो. समोर ओहायोतल्या एक नर्सबाई टकळीवर लोकर कातत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या? आणि कुठल्या साली?" तिथे ही रीतच आहे. प्रत्येकाने आपल्यासाठी एक माणूस, एक गाव, एक काळ निवडलेला असतो. मी ताठ बसून सांगितलं, "रायगड, १६७४." बाई हसून म्हणाल्या, "अरे, थोडा उशीर झाला की. आमचा काळ सतराव्या शतकाच्या आधी संपतो. त्याच्या आधीचं सांगा ना!"

मला आधी रागच आला. आमचा इतिहास यांच्या कुंपणात बसत नाही म्हणजे काय? पण तंबूत आडवी झाले आणि लक्षात आलं की राग त्यांचा नव्हता. "आधीचं सांगा" म्हटल्यावर मला सांगता आलं नव्हतं. देवगिरीचे यादव, १२९० सालची ज्ञानेश्वरी, १२९६ मध्ये अल्लाउद्दीनची स्वारी. तीन ओळी, बस्स. त्या काळातली माझ्यासारखी बाई सकाळी उठून चुलीवर काय ठेवायची, याचा मला पत्ता नव्हता. लेकीने दहाव्या वर्षी विचारलेलाच हा प्रश्न. लेक अंधारात म्हणाली, "शोधू या ना." तो हिवाळा आम्ही शोधण्यात घालवला.

आधी कागद घेऊन काय *नव्हतं* त्याची यादी केली. मिरची नव्हती. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीज जहाजांबरोबर सोळाव्या शतकात आली. नावच बघा, मिऱ्यावरून मिरची. नवीन तिखटाला जुन्या तिखटाचं नाव दिलं. बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता. शेंगदाणे, मका, काजू, पेरू, काहीच नव्हतं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. म्हणजे आपली उपासाची खिचडी ही साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची धरून अख्खी अमेरिका खंडातलीच. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोचा! लेक म्हणाली, "म्हणजे आपण अमेरिकेत यायच्या आधी अमेरिका आपल्या स्वयंपाकघरात आली होती." या देशात 'मूळचं कुठलं' हा प्रश्न तिला आयुष्यभर विचारला गेलाय. ती यादी तिने अजून फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे.

मग काय होतं? इथे एक जुनं पुस्तक हाती लागलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास'. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागूनच. सुमारे ११३० सालचा हा संस्कृत ग्रंथ. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. राज्य कसं चालवावं इथपासून हत्ती, कुस्ती, दागिने, संगीत, मासेमारी इथपर्यंत राजाला ज्या ज्या गोष्टीची आवड, ते सगळं त्यात आहे. आणि जेवणावर चांगला ऐसपैस भाग आहे. दह्यातलं पाणी काढून साखर घालून केलेली शिखरिणी, म्हणजे आपल्या श्रीखंडाची पणजी. उडदाचे वडे. आणि मंडक. मंडक म्हणजे गव्हाचा पातळ पसरलेला, तापलेल्या खापरावर भाजलेला मांडा.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट निघाली आणि मी बराच वेळ गप्प बसले. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा त्यात उल्लेख आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने, संगीताबद्दल लिहिताना, ही नोंद करून ठेवली. माझी आजी पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे. त्या गाण्याला वय असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. शिवरायांच्या आधी पाचशे वर्षं ते म्हटलं जात होतं आणि साताऱ्याच्या वाड्यात ते माझ्या कानावर पडत होतं.

आता मांडे करून बघायचे होते. आम्ही साताऱ्याचे, आमच्याकडे मांडे मनातले मनातच खायचे. आमच्या मंडळातल्या जळगावच्या एक काकू मदतीला आल्या. खानदेशात उलट्या खापरावर पुरणाचे मांडे आजही करतात. काकूंनी कणीक इतकी सैल भिजवली की मला ती चुकलीच असं वाटलं. मग दोन्ही हातांवर पेलत, मनगटावरून कोपरापर्यंत खेळवत त्यांनी ती रुमालासारखी पसरवली. माझे पहिले सात मांडे फाटले. लेकीचा आठवा, नकाशासारखा वाकडातिकडा, पण अखंड निघाला.

पुढच्या ऑगस्टला तीच कणीक घेऊन आम्ही पेन्सिकला गेलो. तिथे हजारावर वर्ग भरतात: लोहारकाम, विणकाम, जुन्या लिप्या, जुनं जेवण. त्या नर्सबाईंच्या ओळखीने एक कुंभार भेटला. खापर म्हणजे काय हे त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने पसरट बुडाचं भांडं घडवून, भाजून दिलं. पहिलं आमच्या घाईपायी जाळावर तडकलं. त्याने हसत दुसरं दिलं आणि हळूहळू कसं तापवायचं तेही शिकवलं. त्यावर पहिला मांडा पडला, फुगला, तपकिरी ठिपके उठले. शेजारच्या राहुट्यांतली माणसं जमली. त्यातले एक जण अकबराच्या मुदपाकखान्यातली खिचडी करत होते. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त कृती नाहीत, नुसती वजनं आहेत. खिचडीला तांदूळ, डाळ आणि तूप, तिन्ही सारखंच, पाच-पाच शेर! आम्ही तुपात पोहणारी ती खिचडी खाल्ली, त्यांनी आमचा मांडा.

खाताना लेकीने लोकांना मुक्ताबाईची गोष्ट सांगितली. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, खापर मिळेना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. लोक कौतुकाने ऐकत होते. तेवढ्यात त्या कुंभाराने विचारलं, "पण खापर का नाही मिळालं?"

आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो आणि या प्रश्नापाशी फारसं थांबत नाही. खापर मिळालं नाही, कारण विसोबा चाटीने कुंभारांना बजावलं होतं, या पोरांना भांडं द्यायचं नाही. संन्याशाची मुलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. लेकीने ते तसंच सांगितलं. मग म्हणाली, की त्याच काळात मंगळवेढ्याचे चोखामेळा देवळाबाहेर उभे राहून अभंग रचत होते, कारण त्यांना आत जायला मनाई होती. वेशीची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून ते गेले. सगळे गप्प झाले. कुंभाराने खापराकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

या छंदावर नेहमी एक आक्षेप घेतात, की सगळ्यांना राजे आणि सरदार व्हायचं असतं, वेठबिगार कुणालाच व्हायचं नसतं. ते खरंच आहे. आमच्याही रंगमंचावर महाराज होण्यासाठी भांडणं होतात. पण मला असं दिसलं, की माणूस हाताने काही करायला लागला की असे प्रश्न टाळता येत नाहीत. भाषणात खापर लागत नाही. मांडा भाजायचा तर ते कुणी घडवलं आणि कुणाला दिलं नाही, इथपर्यंत जावंच लागतं.

आणि जे जुनं विस्मरणात गेलं ते शोधून, जुळवून, पुन्हा मांडून बघणं, हे काही अमेरिकनांचंच वेड नाही. ६ जून १६७४ ला रायगडावर काय झालं? राज्याभिषेकाचा विधी आपल्याकडे मोडल्यासारखा झाला होता. गागाभट्टांनी जुन्या पोथ्या धुंडाळल्या आणि त्यावरून नवी पोथी सिद्ध केली. नवा शक सुरू झाला. फारसी शब्दांऐवजी जुने संस्कृत शब्द शोधून राज्यव्यवहारकोश रचला गेला. महाराजांच्या मागे सैन्य होतं, दूरदृष्टी होती, रयतेचं राज्य होतं. आमच्या तंबूत यातलं काहीच नव्हतं, बरोबरी करायचा प्रश्नच नाही. पण पोथ्या उलटून 'हे तेव्हा नेमकं कसं करत असतील?' असं विचारणारी माणसं रायगडावरही होती, या विचाराने मला रायगड पहिल्यापेक्षा जवळचा वाटायला लागला.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांना एक सांगते. मराठी नीट येत नाही म्हणून इतिहास आपला नाही असं तुमच्यातल्या काही जणांना वाटतं. माझी लेकही अडखळतच बोलते. पण कणीक हातावर खेळवताना भाषा आड येत नाही, आणि जळगावच्या काकूंशी तिची जी मैत्री झाली ती मी भाषणं पाठ करून घेऊन कधीच जमवू शकले नसते. माझ्या पिढीलाही एक सांगते. आपण मुलांना उत्तरं फार लवकर देतो, आणि उत्तर येत नसेल तर भाषण देतो.

गेल्या दिवाळीत आम्ही पिट्सबर्गच्या अंगणात किल्ला केला. थंडीत माती उकरताना हात गोठले. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा मदतीला आला होता. त्याने विचारलं, "डोंगरावर यांना पाणी कुठून मिळायचं?" या वेळी मी भाषण दिलं नाही. म्हटलं, "तुला काय वाटतं?" त्याने विचार केला, चमचा घेतला आणि माथ्यावर एक खड्डा खणायला लागला. पाऊस पडला की इथे साठेल, म्हणाला. खणलेली माती ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो ती कडेने थापत गेला. थोड्या वेळाने माथ्याभोवती एक भिंत उभी राहिली.

मी बघतच राहिले. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर हेच केलंय. माथ्यावर कातळात पाण्याची टाकी खोदली आणि त्यातून निघालेल्या दगडाने तट बांधला. पुस्तकात हे मी अनेकदा वाचलं होतं. तो बिचारा काहीच वाचून आला नव्हता. त्याला मी ते सांगितलं तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले.

मग तो पालथा पडला, एक डोळा मिटला आणि वर बघायला लागला. मीही त्याच्या शेजारी गुडघे टेकले, आणि कमरेची पर्वा न करता आडवी झाले. किल्ला उंच दिसत होता.